आंसाचा खेळ

यंत्रांत जेथें ढिलाई दिसेल तेथें ती समूळ नाहींशी करावी, असें कोणाही समंजस माणसास प्रथमदर्शनीं वाटतें. खिळखिळी खुर्ची, डुगडुगणारें मेज, बिजागरी सैल झालेलें दार हीं आपण रोज पाहतों, त्यांजवर चरफडतों, आणि मग "घट्ट" हा शब्द एखाद्या सद्गुणासारखा आपल्या मनांत रुजतो. संसारांतही आपण तोच न्याय लावतों. परंतु या बाबतींत आपली भाषा आपल्याहून अधिक शहाणी आहे. घरांत हवा "खेळती" असावी असें ती म्हणते. धंद्यास "खेळतें" भांडवल लागतें असें म्हणते. बागाइतदार पाटाचें पाणी वाफ्यांतून "खेळवितो". जें अडकून पडलें तें कुजतें, जें थोडेंबहुत इकडेतिकडे फिरूं शकतें तें टिकतें, असा अनुभव या एका क्रियापदांत सांठविलेला आहे. मौज अशी कीं, कारखान्यांतून आमच्या कारागिरांच्या तोंडीं जो इंग्रजी शब्द आला त्याचाही मूळ अर्थ हाच. मोटरचा आंस सैल झाला कीं फिटर म्हणतो, "शाफ्टला प्ले आहे." आंसाचा हा खेळ कमी कसा करावा, आणि कमी करतां करतां कोठें थांबावें, याविषयीं गेल्या वर्षांत आम्हांस जें पाहावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचें बिऱ्हाड नागापुरास आहे. अहमदनगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी बोलण्यांत अद्याप पुष्कळांच्या तोंडीं "नगर" च येतें. त्या नगरहून मनमाडच्या रस्त्यानें निघालें कीं सीनेच्या पुलाजवळ नागापूर येतें. येथें औद्योगिक वसाहत आल्यापासून गांवाचा दिवस सूर्यावर न चालतां पाळ्यांवर चालतो. विजेच्या मोटरी बनविणारा क्रॉम्प्टन ग्रीव्हज यांचा कारखाना याच वसाहतींतला. ती कंपनी २०१७ पासून सीजी पॉवर या नांवानें ओळखली जाते. अशा ठिकाणीं चहाच्या टपरीवर जे शब्द कानांवर पडतात ते बेअरिंग, वाइंडिंग, आर्मेचर असे असतात. आमचा व्यवसाय महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकविण्याचा. त्या शब्दांशीं आमचा संबंध येण्याचें वास्तविक कांहीं कारण नव्हतें. तें कारण आमच्या भाच्यानें आणलें.

भाचा अकरावीस आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां वह्यापुस्तकांच्या ट्रंकेबरोबर त्यानें एक मोठें खोकें आणलें. त्यांत रेडिओच्या लहरींनीं चालणारी एक गाडी होती. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, हातांतल्या यंत्रावरून वळविली जाणारी, विजेरीवर चालणारी. या खेळण्यांचा इतिहास फार जुना नाहीं. जपानच्या तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्श ९३४ या गाडीची बाराव्या हिश्शाची प्रतिकृति रेडिओवर चालवून दाखविली, आणि तेव्हांपासून हा छंद जगभर पसरला. अशा गाड्यांत ज्या मोटरी बसवितात त्यांतली एक जात "पांचशेंचाळीस" या आंकड्यानें ओळखली जाते. ही मोटर म्हणजे मुठींत मावणारी पोलादी डबी. व्यास सुमारें ३६ मिलिमीटर, लांबी सुमारें ५०. डबीच्या आंतल्या अंगास दोन लोहचुंबक चिकटविलेले. मध्यें तांब्याच्या तारेनें गुंडाळलेलें आर्मेचर. त्याच्या एका टोंकास तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर, आणि त्यावर दोन बाजूंनीं टेकलेले कार्बनचे दोन ब्रश. या सर्वांच्या मध्यांतून जो पोलादी आंस जातो त्याची जाडी इंचाचा आठवा हिस्सा, म्हणजे ३.१७ मिलिमीटर. साधी मोटर भार नसतांना मिनिटास सुमारें १५,००० फेरे घेते. एका सेकंदास अडीचशें फेरे! डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळांत हा आंस कितीदां फिरून येतो याचा विचार केला म्हणजे त्याच्या एका केसाएवढ्या ढिलाईस एवढें महत्त्व कां, तें ध्यानांत येतें.

भाच्याची गाडी पहिले कांहीं महिने बरी धांवली. मग ती किंचाळूं लागली. मोटरच्या आंसावरील लहान दंतचक्राचे दांत एका कडेनें खाल्ल्यासारखे झाले. ब्रशांपाशीं ठिणग्या उडूं लागल्या. आणि गाडी दगडावरून उडाली कीं आंतून "टक्" असा आवाज येऊं लागला. आमच्या शेजारीं एक निवृत्त फिटर राहतात. वसाहतींतील एका कारखान्यांत मोटरींचीं बेअरिंगें बसविण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. नांव छापलेलें त्यांस रुचणार नाहीं. भाचा त्यांस काका म्हणतो, तेंच आम्हीही म्हणूं. काकांनीं ती मोटर हातांत घेतली, आंस दोन बोटांत धरून आधीं मागेंपुढें ओढला, मग आडवा हलविला, आणि म्हणाले, "आडवा नाहीं, उभा प्ले आहे. बुश चांगला आहे. सुटेल हें."

त्यांच्या या चार शब्दांत या विषयाचें अर्धें शास्त्र आहे. आंसाची ढिलाई दोन प्रकारची. एक लांबीच्या दिशेची: आंस ओढला कीं पुढें येतो, ढकलला कीं मागें जातो. दुसरी आडव्या दिशेची: ज्या भोंकांत आंस फिरतो तें झिजून मोठें झालें म्हणजे आंस त्यांत डुगडुगतो. हे दोन रोग वेगळे आणि त्यांचे उपचारही वेगळे. आडव्या ढिलाईस चकत्या घालून कांहीं उपयोग नाहीं. तेथें बुश किंवा बेअरिंग बदललें पाहिजे. साध्या मोटरींतला बुश कांशाची पूड दाबून व भाजून केलेला असतो. त्यांत बारीक छिद्रें असून सुमारें पंचमांश जागेंत तेल मुरलेलें असतें, आणि तें आंस फिरतांना झिरपत राहतें. त्यास अधूनमधून तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त ओतलें तर तें कम्युटेटरवर जाऊन नवाच रोग उत्पन्न करतें. लांबीच्या ढिलाईचा उपचार मात्र घरीं करतां येतो. आंसावर, आर्मेचर आणि बुश यांच्या मध्यें, कागदासारख्या पातळ चकत्या घालावयाच्या. कारखान्यांत त्यांस शिम म्हणतात. त्या एक, दोन, तीन दशांश मिलिमीटर अशा जाडीच्या मिळतात.

पुढच्या रविवारीं काकांच्या ओसरीवर मोटर उघडण्यांत आली. पुष्कळशा स्वस्त मोटरींचें झांकण पत्र्याचे कान दुमडून कायमचें बसविलेलें असतें, आणि त्या उघडण्यासाठीं केलेल्याच नसतात. हिचें झांकण दोन स्क्रूंचें होतें. काकांनीं प्रथम झांकण व डबी यांवर मिळून एक रेघ ओढली, कारण झांकण थोडें फिरवून बसलें तर ब्रशांची जागा बदलते आणि मोटरचा सारा स्वभाव बदलतो. मग ब्रशांच्या स्प्रिंगा सोडवून ब्रश बाहेर काढले. तसें न करतां आर्मेचर ओढलें तर ब्रशांच्या कडा तुटतात. खालीं स्वच्छ पांढरें फडकें अंथरलें होतें, कारण लोहचुंबक लोखंडाचा कीस कोठूनही ओढून घेतो आणि एकदां तो आंत गेला कीं निघतां निघत नाहीं. उघडण्यापूर्वींच डायल गेज लावून ढिलाई मापली होती. ती भरली ०.७ मिलिमीटर.

भाच्यास एवढें ऐकणें पुरेसें झालें. त्यानें तीन दशांशाची एक व दोन दशांशाच्या दोन अशा चकत्या घातल्या, मोटर जुळविली, आणि आंस ओढून पाहिला. तो तसूभरही हलेना. मुलाच्या चेहऱ्यावर विजय दिसूं लागला. काका कांहींच बोलले नाहींत. "चालवून बघ," एवढेंच म्हणाले. पांच मिनिटांत गाडी मंदावली. मोटरला हात लाववेना. विजेचा मापक लावला, तेव्हां पूर्वीं बिनभारीं सव्वा अँपिअर घेणारी मोटर दोनाच्या वर घेत होती. ढिलाई गेली होती, आणि तिच्याबरोबर मोटरचा दमही गेला होता.

याचें कारण साध्या गणितानें समजतें. पोलाद तापलें कीं लांबतें. एका अंशास त्याच्या लांबीचे सुमारें बारा दशलक्षांश. मोटरचा आंस पन्नास मिलिमीटर धरला, आणि आंतलें आर्मेचर बाहेरच्या डबीपेक्षां साठ अंशांनीं अधिक तापलें असें मानलें, तर आंस सुमारें साडेतीन शतांश मिलिमीटर लांबतो. हें माप बारीक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. पण जेथें मुळींच जागा ठेविलेली नाहीं तेथें तेवढें लांबणेंही कोठें मावत नाहीं. आंस दोन्ही बुशांच्या मध्यें पाचर मारल्यासारखा बसतो, घांसतो, घांसल्यानें आणखी तापतो, आणि तापल्यानें आणखी लांबतो. काका म्हणाले, "सर, मशीन थंड असतांना आपण माप घेतों ना, तें मशीनचं खरं माप नसतं. चालून गरम झाल्यावर जें राहतं तें खरं." मग त्यांनीं दोन दशांशाची एक चकती काढून टाकली. उरलेल्या चकत्या दोन बाजूंस अशा वांटल्या कीं लोहचुंबक आर्मेचरास जेथें ओढून धरतात तेथेंच तें स्वस्थ राहील, आणि ब्रश कम्युटेटरच्या मध्यावर टेकतील. दोन दशांशांचा खेळ उरला. गाडी पुन्हां पहिल्यासारखी धांवूं लागली. किंचाळणें थांबलें, दंतचक्र नवें घातलें तें टिकलें.

आम्हांस हा प्रकार पाहून नवल वाटलें, आणि काकांस आमच्या नवलाचें नवल वाटलें. ते म्हणाले, मोठ्या मोटरींतही हेंच. कारखान्यांत चालणाऱ्या मोटरीच्या एका टोंकाचें बेअरिंग जागच्या जागीं बांधतात. दुसऱ्या टोंकाचें मुद्दाम सरकतें ठेवतात, आणि त्याच्या पाठीशीं लाटेसारखी वांकविलेली एक स्प्रिंगची चकती बसवितात. आंस तापून लांबला कीं तें टोंक मागें सरतें, निवला कीं स्प्रिंग त्यास हळूच पुढें आणते. दोन्ही टोंकें बांधून टाकलीं तर बेअरिंगें अकालीं मरतात. पुढें आम्हीं ग्रंथालयांत थोडें वाचन केलें, तेव्हां याहूनही विलक्षण गोष्ट कळली. विजेच्या आरंभींच्या काळांत उलटसुलट प्रवाहाचा एकमार्गी प्रवाह करण्यासाठीं जीं अवजड फिरतीं यंत्रें वापरीत, त्यांतल्या कित्येकांस आंस सतत थोडा मागेंपुढें हालता ठेवण्याची स्वतंत्र योजनाच जोडलेली असे. कारण, आंस एकाच जागीं फिरत राहिला तर ब्रश कम्युटेटरवर एकच चाकोरी कोरतात. थोडा सरकत राहिला तर सारा पृष्ठभाग सारखा झिजतो. जी ढिलाई भाच्याच्या खेळण्यांत रोग ठरली, तीच येथें औषध म्हणून खर्च करून विकत घेतलेली होती. भेद फक्त मापाचा.

हें माप आपल्या घरांतही होतें. आमच्या लहानपणीं जातें फिरतांना वरची तळी डगमगूं लागली कीं आमच्या मातोश्री खुंट्यास चिंधीचा वेढा देत. वेढा जास्त झाला आणि जातें जड जाऊं लागलें कीं उकलून कमी करीत. पीठ भरड आलें तर एक वेढा वाढवावयाचा, खांदा भरून आला तर एक कमी करावयाचा. त्यांचें डायल गेज तें एवढेंच. चावीच्या घड्याळाचा दुरुस्तीवाला तोलचक्र जागेवर बसविल्यावर तें चिमट्यानें किंचित् उचलून पाहतो. तें वरखालीं कणभर हाललें नाहीं तर घड्याळ चालणार नाहीं हें तो जाणतो.

येथपर्यंत सारें यंत्रांचें झालें, आणि येथेंच लेख संपविला असता तर बरें झालें असतें. परंतु त्याच सुमारास महाविद्यालयाची चाचणी परीक्षा झाली आणि भाच्यास गुण फार कमी पडले. तो संध्याकाळीं चार चार तास मोकळ्या पटांगणांत गाडी घेऊन असे, हें खरें होतें. आमचे मेहुणे श्रीरामपूरच्या बाजूस एका साखर कारखान्यांत यंत्रविभागांत आहेत. मनुष्य प्रामाणिक, कष्टाळू, आणि मुलगा इंजिनियर व्हावा या एका इच्छेवर जगणारा. ते आले, त्यांनीं मोठ्या कागदावर पहांटे पांचपासून रात्रीं अकरापर्यंतचें वेळापत्रक आंखलें, प्रत्येक अर्ध्या तासाचा रकाना भरला, गाडीचें खोकें कपाटांत ठेवून कुलूप लावलें, आणि किल्ली घेऊन ते परत गेले. आंसाची सारी ढिलाई एका दिवसांत काढली गेली.

पहिला आठवडा वेळापत्रक उत्तम चाललें. दुसऱ्या आठवड्यांत मुलगा जेवतांना ताटाकडेच पाहूं लागला. तिसऱ्या आठवड्यांत आमच्या मंडळींनीं आम्हांस दाखविलें कीं, पुस्तक उघडें आहे, मूल समोर बसलें आहे, पण तासाभरांत पान उलटलेलें नाहीं. एके रात्रीं दोनच्या सुमारास आम्हांस जाग आली, तर तो गच्चीच्या पायरीवर एकटा बसलेला. आम्ही शेजारीं जाऊन बसलों. पुष्कळ वेळानें तो म्हणाला, "मामा, मी वाचतो तें मला दिसतं, पण समजत नाहीं. आधीं समजायचं." हात धरला तो गार लागला. काकांच्या ओसरीवर तापलेल्या मोटरीस हात लाववत नव्हता. येथें मूल थंड पडत होतें. पण जागा न उरल्याची खूण दोहोंकडे एकच.

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं मेहुण्यांस बोलावून घेतलें. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं, मुलगा त्यांचा. म्हणून आम्हीं त्यांस त्यांच्याच धंद्यांतला एक प्रश्न विचारला. "दाजी, तुमच्या कारखान्यांत ऊंस पिळणारा वरचा रूळ असतो, तो पक्का बांधलेला असतो काय?" ते म्हणाले, "छे! तो तरता ठेवतात. उंसाचा थर जाड आला कीं त्यानें उचललं गेलं पाहिजे. नाहीं तर रूळ तरी मोडेल नाहीं तर मिल तरी थांबेल." एवढें बोलून ते थांबले. प्रश्न कशासाठीं होता हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. थोड्या वेळानें म्हणाले, "पण भाऊसाहेब, तो मोकळा सोडलेला नसतो. त्याच्यावर तेलाचा दाब असतो. दाबाखालींच तो उचलतो."

हें त्यांचें म्हणणें आम्हांस पूर्ण पटलें, आणि येथें तें मुद्दाम लिहून ठेवतों. कारण मुलांस मोकळीक द्यावी असें सांगणारे लेख पुष्कळ निघतात, आणि ते सर्व अर्धेंच सांगतात. ०.७ मिलिमीटरची ढिलाई हीही मोटर मारीतच होती. चार तासांचें पटांगण त्या मुलास कोठेंही नेणार नव्हतें. बापानें ढिलाई पाहिली ती खरी होती. प्रश्न होता तो एवढाच कीं, चकत्या किती घालावयाच्या आणि शेवटची कोणती काढून घ्यावयाची. त्यासाठीं चकती घातल्यावर यंत्र चालवून पाहावें लागतें, हात लावून पाहावा लागतो, आणि तापलें असेल तर पुन्हां उघडावें लागतें. कुलूप लावून परगांवीं गेलेल्या माणसास हें करतां येत नाहीं.

मेहुणे दोन दिवस राहिले. त्यांनीं मुलाबरोबर काकांच्या ओसरीवर बसून ती मोटर उघडून पाहिली. चकत्यांची जाडी बोटांत धरून पाहिली. बापलेक एका यंत्रावर वांकून बोलत आहेत असें आम्हीं त्या वर्षांत प्रथमच पाहिलें. जातांना त्यांनीं नवें वेळापत्रक आंखलें. तें पहिल्याइतकेंच नीटस होतें, पहांटेचा अभ्यास होता तसाच होता. फक्त संध्याकाळीं सहापासून पावणेसातपर्यंतचा रकाना कोरा ठेवला होता, आणि कपाटाची किल्ली खुंटीवर टांगली होती. झोंप परत आली. पानें उलटूं लागलीं. परीक्षेचा निकाल अजून लांब आहे, आणि तो काय लागेल यावर आम्ही पैज लावीत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कोणतें ना कोणतें वेळापत्रक भिंतीवर असेल. तें फाडून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. एवढेंच करून पाहावें: तें लावल्यावर पंधरा दिवसांनीं मुलाच्या हातास हात लावावा. काकांच्या भाषेंत सांगावयाचें तर, आंस हातानें ढकलला तर किंचित् हालला पाहिजे, आणि चालूं लागल्यावर त्याचा आवाज येतां कामा नये. या दोहोंच्या मधली जागा नागापूरच्या त्या मोटरीच्या बाबतींत दोन दशांश मिलिमीटर निघाली. प्रत्येक घरची ती निराळी निघेल, आणि ज्यानें त्यानें ती आपल्या हातानेंच मापली पाहिजे.